बर्फवाल्याचं पान

मार्सुदी होड्यांवर नावं रंगवायचा. रेंबांगच्या किनाऱ्यावर असा नाखवा शोधून सापडला नसता, ज्याच्या होडीवर मार्सुदीचा कुंचला फिरला नव्हता. पण होड्या पोटासाठी. जीव होता तो वह्यांत. छापखान्यातून उरलेले कागद आणून तो स्वतः वही शिवायचा, आणि ती कमरेला खोचूनच घराबाहेर पडायचा. रेघ साध्या बॉलपेनची. सावल्या मात्र कॉफीच्या गाळाच्या. त्या भागात कॉफीचा गाळ कुणी टाकून देत नाही. बशीत निथळून ठेवतात आणि काडीने सिगारेटीवर नक्षी काढत दुपार घालवतात. मार्सुदी सिगारेट ओढत नसे. तो तोच गाळ बोटावर घेऊन कागदावर चोळायचा. जाळी विणणारे, कोंबड्या विकणाऱ्या बाया, बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेले मास्तर, जे दिसेल ते. प्रत्येक चित्राखाली तारीख, गाव आणि ठाऊक असलं तर माणसाचं नाव. अशा चौतीस वह्या त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, आणि आजवर एकही पान त्याने फाडलं नव्हतं.

वर्षातून एकदा, ईद झाली की, बायकोला घरी ठेवून तो डेकचं तिकीट काढून कुठल्यातरी बेटावर जायचा. दोन-तीन आठवड्यांनी भरलेली वही घेऊन परतला की ती कासमिनाच्या टपरीतल्या बाकावर ठेवायचा. मग गावातली माणसं कॉफीचे हात पुसत पुसत पानं उलटायची. कुणी म्हणायचं, या बाईचं नाक बघा, आमच्या मेव्हणीचंच चोरलंय. मार्सुदी बशीत बोट बुडवत हसायचा. त्याला तेवढं पुरे होतं.

ही टपरी धक्क्याच्या तोंडाशी होती. मोक्याची जागा. कासमिनाला ती मिळाली होती मुलाच्या बदल्यात. नऊ वर्षांपूर्वी पश्चिमेच्या वाऱ्यात हाजी मुहतारोम यांची होडी उलटली. सात जण होते. चौघांची प्रेतं लागली, तिघांची नाही. त्या तिघांत कासमिनाचा एकुलता एक खोलिक होता. हाजींनी तिला बोलावून सांगितलं, तुझा मुलगा माझ्या होडीवरून गेला, तू जिवंत आहेस तोवर ही जागा तुझी. वर पत्राही त्यांनीच घालून दिला.

खोलिकची बायको मुर्तिनी तेव्हा तेवीस वर्षांची. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. होडी सुटली त्या पहाटे नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही; पण मुर्तिनी त्याला म्हणाली होती, "जा, आणि परत येऊ नकोस." मधली भिंत बांबूच्या चटईची. पलीकडे सासू जागी होती.

त्या एका वाक्यावर कासमिनाने नऊ वर्षं काढली. मुर्तिनीच्या हातून कप फुटला की तेच वाक्य. भात करपला की तेच. गिऱ्हाइकांसमोर ती सुनेच्या आवाजाची नक्कल करून दाखवायची, जा आणि परत येऊ नकोस, आणि मग विचारायची, "गेला ना? पोट भरलं ना तुझं?" मुर्तिनी पहाटे नारळ खवायला बसे ती शेवटची भांडी विसळूनच उठे. मजुरी नाही, नवीन लुगडं नाही. माहेरून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा ती गेली नाही. जिच्या जिभेने माणूस बुडाला तिने कुठल्या तोंडाने जायचं, असं तिलाच वाटायचं.

दरवर्षी समुद्राच्या उत्सवात होड्या सजवून खोल पाण्यात नेतात आणि परत न आलेल्यांसाठी फुलं सोडतात. तिसऱ्या का चौथ्या वर्षी मुर्तिनीने मोगऱ्याची ओंजळ पुढे केली, तेव्हा कासमिनाने सगळ्यांदेखत तिच्या मनगटावर फटका मारला. फुलं होडीतच सांडली. "तुझ्या हातचं त्याला पोचायचं नाही," ती म्हणाली. मुर्तिनी खाली बसून लोकांच्या पायांमधून एकेक फूल वेचत राहिली. मार्सुदी त्याच होडीत होता. त्याने ते चित्र काढलं. वाकलेली पाठ, भोवती उभे पाय. फार चांगलं उतरलं होतं. पुढे बरेच दिवस तो ते पान पुन्हापुन्हा उघडून बघायचा.

त्याला वाईट वाटायचं नाही असं नाही. ईदला तो मुर्तिनीला साबणाची वडी द्यायचा. ती त्याला पाकदे म्हणायची, म्हणजे थोरले काका. पण टपरीत कासमिना सुरू झाली की तो खांबाजवळच्या आपल्या जागेवर गप्प बसायचा. त्यांच्या घरातलं आहे, आपण कोण? असं मनाशी म्हणेपर्यंत बोटं वहीकडे गेलेली असायची.

त्या वर्षी ईदनंतर तो मकास्सरला गेला. सुराबायाहून जहाजात दोन रात्री. तिथल्या मासळीबाजारात तिसऱ्या दिवशी सकाळी उपड्या टोपलीवर बसून तो एका बर्फवाल्याला काढत होता. माणूस पाठमोरा. उघडं अंग, खांद्यावर गोणपाट, हातात आकडा. लादी ओढायची, फोडायची, पाटीत भरायची. मार्सुदीने पाठ काढली, मान काढली, आणि कानाशी आल्यावर पेन आपोआप एका वळणावरून गेलं आणि तिथे एक खाच ठेवून पुढे सरकलं. तो थबकला. खाच त्याने अजून बघितलीच नव्हती. त्याने मान वर करून बघितलं. डाव्या कानाच्या पाळीला खाच होती. लहानपणी गळ अडकून फाटलेली. हा कान त्याने पूर्वी वीस-पंचवीस वेळा काढला होता, आणि हाताला तो पाठ होता.

पेन पुन्हा चालायला लागलं. माणूस वळला तेव्हा त्याने चेहराही काढला. थोडा सुटलेला, दाढी राखलेली, पण तोच. एक सहा-सात वर्षांची मुलगी केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आली आणि बर्फाचा तुकडा तोंडात घालून पळाली. मार्सुदीने खाली तारीख टाकली. मकास्सर, मासळीबाजार. नाव लिहिलं नाही.

तेवढ्यात खोलिकने त्याला बघितलं. आकडा तसाच हातात धरून तो चालत आला, वहीत डोकावला, आणि शेजारी उकिडवा बसला.

मग खोलिक बोलायला लागला. प्लास्टिकच्या पिंपाला धरून तो एक दिवस एक रात्र तरंगला होता. इकडे सुलावेसीला येणाऱ्या मालवाहू गलबताने उचललं. तापात पडला, एका घरी राहिला, त्या घरातल्या मुलीने शुश्रूषा केली. पुन्हा समुद्रात जायचं त्याच्याने होईना, आणि घरी जायचं म्हणजे समुद्रात जायचं. दुसऱ्या वर्षी त्याने आईला फोन केला. आई पोटभर रडली. मग म्हणाली, मुर्तिनीने केव्हाच दुसरं लग्न केलं, तेगालकडच्या माणसाबरोबर गेली. तू आहेस तिथेच राहा. परत आलास तर हाजी जागा काढून घेतील. तेव्हापासून दर महिन्याला एक फोन. इकडे त्यालाही दोन मुलं झाली.

"मुर्तिनी कुठेही गेलेली नाही," मार्सुदी म्हणाला. "तुझ्या आईच्या टपरीत भांडी घासतेय. नऊ वर्षं. तू तिच्यामुळे मेलास म्हणून."

खोलिक जमिनीवर आकड्याच्या टोकाने रेघा ओढत राहिला. बर्फाचं पाणी त्याच्या पायांखालून वाहत होतं. मार्सुदीला वाटलं, आता हा काहीतरी विचारेल. ती कशी आहे, बारीक झाली का, काहीतरी.

"नऊ वर्षं झालीच आहेत ना, पाकदे," खोलिक शेवटी म्हणाला. "आता तिला तरी काय फरक पडणार. ते पान फाडा."

मार्सुदीने वही मिटून कमरेला खोचली. खोलिक हातापाया पडला, मग आवाज चढवला, मग पुन्हा मुलांची नावं घेऊन पाया पडला. मार्सुदी त्याच दिवशी बंदरावर गेला आणि मिळेल त्या जहाजात चढला.

दोन दिवस डेकवर बसून त्याने एक रेघही ओढली नाही. मुर्तिनीला सांगायचं हे ठरलं होतं. हे आपण तिच्यासाठी करतोय असं तो स्वतःला बजावत होता, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण सांगताना तिचा चेहरा कसा होईल हेही त्याला बघायचं होतं. ते त्याने स्वतःशीही धड कबूल केलं नाही.

तो टपरीत गेला ती वेळ दुपारच्या नमाजानंतरची, गिऱ्हाईक नसण्याची. मुर्तिनीने कॉफी आणली. त्याने वही बाकावर ठेवली आणि तिला म्हणाला, पोरी, बस, बघ. मोरीकडून कासमिना ओरडली की कप आपोआप विसळले जात नाहीत. मुर्तिनी उभ्यानेच ओले हात पुसून पानं उलटायला लागली. जहाजाचा जिना. डेकवर झोपलेली माणसं. मकास्सरचा धक्का. मग बर्फवाला.

तिचा हात थांबला. तिने पान जवळ घेतलं, लांब धरलं, खालची तारीख बोट ठेवून वाचली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. ती इतका वेळ तशीच उभी राहिली की कासमिना शिव्या देत बाहेर आली आणि तिने वही हिसकावून घेतली.

म्हातारीने पान बघितलं. मग बशीतल्या गाळात अंगठा बुडवला आणि चित्रातल्या तोंडावरून दाबून फिरवला, एकदा, दोनदा. चेहरा तपकिरी चिखलात गेला. कान तेवढा उरला.

"सुदी, डोळे तपासून घे," ती म्हणाली. "कुठला तरी मकास्सरचा हमाल, आणि म्हणे माझा खोलिक."

मुर्तिनी हळू आवाजात म्हणाली, "माक, खोलिकचं नाव कुणी घेतलं?"

सासूला ती माकच म्हणायची, आई. कासमिनाने वही बाकावर टाकली. मुर्तिनी मार्सुदीकडे वळली आणि तिने एकच विचारलं, ते काय म्हणाले. मार्सुदीने सगळं सांगितलं. दर महिन्याचा फोन, तेगालचा नवरा, दोन मुलं. शेवटचं वाक्य त्याला गाळता आलं असतं. त्याने तेही सांगितलं, जसंच्या तसं.

कासमिना बाकावर बसली. तिने माफी मागितली नाही. उलट म्हणाली, "नऊ वर्षं माझा भात खाल्लास. त्याच्याकडे गेली असतीस तर त्याने दारात उभी केली नसती. परत येऊ नकोस म्हणालीस, त्याने ऐकलं. माझ्यावर कशाला डोळे काढतेस?"

मुर्तिनीने वही उचलून फुंकर मारून गाळ वाळवला. मग मार्सुदीकडे सुरी मागितली. तो पेन हातात धरून नुसता बघत राहिला, तेव्हा तिने कांद्याची सुरी आणून त्याच्या हातात दिली. "हे पान मला कापून द्या, पाकदे. खाली लिहा, कुणी काढलं, कुणाला काढलं." त्याने लिहिलं, खोलिक, कासमिनाचा मुलगा, आणि आपली सही केली. मग त्याने पान कापून दिलं.

पान तिने घडी करून चोळीत ठेवलं. "हाजींच्या घरी जायला चार पावलं आहेत," ती सासूला म्हणाली. "मी जाणार नाही. माक, आता उठा आणि कप विसळा."

म्हातारी उठली नाही. मुर्तिनीने चपला पायात घातल्या. तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी मुर्तिनीने मार्सुदीला नऊ वर्षांच्या सगळ्या वह्या आणायला सांगितल्या. त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, पोरीला स्वतःला बघायचंय. त्याने ट्रंक सायकलला बांधून आणली. ती बाकावर बसून एकेक वही बघत गेली. ती नारळ खवताना. ती पाणी भरताना. कासमिनाच्या हातात तिची वेणी, तिची मान मागे ओढलेली. तिच्या पायावर सांडलेला कढत रस्सा आणि ती फडक्याने आधी जमीन पुसताना. होडीत फुलं वेचताना.

"या दिवशी तुम्ही इथेच होता, पाकदे?" तिने विचारलं.

"होतो."

"आणि या दिवशी?"

"हो."

"कुठे बसला होता?"

त्याने खांबाजवळची जागा दाखवली. ती उठून तिथे जाऊन बसली, मोरीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"चांगली जागा आहे," ती म्हणाली. "सगळं दिसतं."

मार्सुदीला वाटलं, हिने त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. पण तिने वह्या नीट रचून ट्रंकेत ठेवल्या, कडी लावली आणि त्याला कॉफी करून दिली.

पंधरा दिवसांनी, म्हातारी आत नमाज पढत असताना, तांदळाच्या डब्यात दडवलेला छोटा फोन वाजला. मुर्तिनीने तो आधीच शोधून ठेवला असावा, कारण ती सरळ डब्याकडे गेली. मार्सुदी खांबाजवळ होता. तिने फोन कानाला लावला आणि सांगितलं की मी मुर्तिनी. मग ती शांतपणे बोलत गेली.

"माक गेल्या. मंगळवारी. पाकदेंनी तुमचं चित्र आणलं ना, ते बघितलं आणि खाली बसल्या. उठल्याच नाहीत." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "तुम्ही येऊन काय करणार? पुरलं. शेवटपर्यंत म्हणत होत्या, माझ्या पोराने मला उघडं का पाडलं. बाकी काही नाही."

पलीकडचा माणूस रडत होता. ते मार्सुदीपर्यंत ऐकू येत होतं. मुर्तिनीने त्याला पुरतं रडू दिलं. मग फोन बंद केला, मागचं झाकण काढलं, आतलं कार्ड चुलीत टाकलं आणि फोन जिथल्या तिथे तांदळात पुरून ठेवला. मार्सुदीकडे तिने बघितलं. त्याने बशीतला गाळ ढवळला.

त्यानंतर टपरी मुर्तिनी चालवायला लागली. तिने पत्रा बदलला, दोन बाकं वाढवली. गावाने एवढंच बघितलं की सून गल्ल्यावर आणि सासू मोरीवर. लोकांना वाटलं म्हातारीला उपरती झाली. मुर्तिनीने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त काम थांबू दिलं नाही. पश्चिमेच्या वाऱ्यात म्हातारीच्या बोटांना भेगा पडल्या तरी कप येतच राहिले. एकदा कासमिना पाटीसकट घसरून पडली. मुर्तिनीने मार्सुदीसमोर वही सरकवली. "काढा की, पाकदे. तुम्ही काढत असताच." त्याला नाही म्हणता आलं नाही. चित्र उत्तम उतरलं. त्यानंतर त्याने त्या टपरीत वही नेली नाही. स्वतः मात्र रोज जात राहिला. न जाऊन कुठे जाणार होता? मुर्तिनी त्याची जागा राखून ठेवायची.

म्हातारी दर महिन्याला फोन तांदळातून काढून बघायची. तिला वाचता येत नव्हतं. ती बटणं दाबायची, कानाला लावायची, फडक्याने पुसून परत ठेवायची. वर्षभराने, मुर्तिनी मासळीच्या लिलावाला गेलेली बघून, ती मार्सुदीजवळ येऊन बसली. हात लुगड्यात लपवलेले.

"सुदी, यंदा जाशील ना मकास्सरला?" तिने विचारलं. "त्याला एवढंच सांग, फोन बिघडलाय. माझ्यावर रागावलाय का ते विचार. नाहीतर नुसता काढून आण. मी पुसणार नाही या वेळी."

मार्सुदीच्या जिभेवर आलं होतं. तो पोरगा तुला मेलेली समजतोय, आणि तुझ्या मरणाला स्वतःला जबाबदार धरतोय. एका वाक्याचं काम. पण मग ती विचारणार, तुला कसं ठाऊक? आणि त्याला सांगावं लागणार की फोन झाला तेव्हा मी इथेच, या खांबाजवळ बसलो होतो.

"गुडघे गेले माझे, म्बाक्यू," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं त्याने तिला प्रथमच म्हटलं. "आता जहाजाचे जिने चढवत नाहीत."

ती मान हलवून उठली. मोरीपाशी कपांचा ढीग होता.

त्याच्या पुढच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या सकाळी संपली. मुर्तिनीने काही कमी पडू दिलं नाही. आंघोळ स्वतः घातली, कफन चांगलं आणलं, मशिदीतल्या लोकांना जेवण दिलं. हाजी मुहतारोम स्वतः जनाज्याला खांदा द्यायला आले आणि निघताना म्हणाले की अशी सून नशिबाने मिळते, जागा आता तिचीच.

सातव्या दिवशी पठण आटोपलं. बाया चटया गुंडाळत होत्या. मुर्तिनी दारात उभी राहून निघणाऱ्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या भाताचे पुडे देत होती. मार्सुदी सगळ्यांत मागे राहिला. गर्दी पांगल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला की काहीही झालं तरी पोटचा मुलगा आहे, आता तरी खोलिकला खरं कळवायला हवं.

मुर्तिनीने टोपलीतून दोन पुडे उचलले, एक त्याच्यासाठी आणि एक घरी त्याच्या बायकोसाठी, आणि त्याच्या ओंजळीत ठेवले.

"कळवलंय, पाकदे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

पुडे अजून गरम होते. ते घेऊन तो घरी गेला.